फटीतला डोळा

आबांनी दोन्ही रायफली जाजमावर शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांचे बोल्ट, म्हणजे गोळी भरायचे दांडे, काढून स्वतःच्या खिशात टाकले आणि म्हणाले, "आता हात लावा. पण आधी चपला काढा."

चपला कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. आबांचे नियम असेच असत. ते पाळताना कंटाळा यायचा आणि मोडायची छाती व्हायची नाही.

आमचं गाव साताऱ्याहून तासाभरावर. तिथल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमागे रायफल क्लबची पन्नास मीटरची रेंज होती. रेंज म्हणजे एका टोकाला पत्र्याची सावली आणि दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध. आबा फौजेत बावीस वर्षं आर्मरर होते, म्हणजे लढले कमी आणि दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या जास्त. पेन्शनीत आल्यावर ते आम्हा पाच पोरांना नेमबाजी शिकवायचे. त्यांची मुलगी म्हणून मला कसलीही सवलत नव्हती. उलट चार बोलणी जास्त बसायची.

तोवर आम्ही छर्‍यांच्या बंदुकीवर शिकत होतो. १९९४च्या डिसेंबरात पुण्याच्या एका मोठ्या क्लबानं जुन्या पॉइंट टू टूच्या दोन रायफली काढून टाकायच्या ठरवल्या आणि आम्हाला आठ दिवस बघायला दिल्या. त्यातली एक ठेवायची, दुसरी परत करायची. पोरांसाठी क्लबाची ही पहिली खरी रायफल होणार होती. फेब्रुवारीत पुण्याला राज्य स्पर्धा होती आणि मुलींमधून आमच्या क्लबाची एकच जागा होती. क्लबात मुली दोनच. मी आणि शर्मिला तोडकर.

पहिली रायफल आखूड आणि हलकी होती. तिच्या दस्त्याला डाव्या अंगानं गाल टेकायला उंचवटा होता. मी आडवी पडून ती उजव्या खांद्याला लावली तेव्हा गाल आपोआप जागेवर बसला आणि डोळ्यासमोर नेमाचं भोक आलं. मान कुठेही ओढली गेली नाही. दुसरी बोटभर लांब, जराशी जड. तिचा दस्ता सरळसोट, गालाला आधार कुठल्याच बाजूनं नाही. तिच्यावर मला मान पुढं काढून शोधाशोध करावी लागली.

"मोठी घ्या की हवालदार," क्लबाचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले. "पोरींचं वाढतं अंग आहे. उद्या लहान पडली तर काय करायचं?"

"चपला घ्या वाढत्या पायाच्या, वकीलसाहेब. बंदूक आजच्या अंगालाच बघावी लागती." आबांनी लांब रायफलीच्या दस्त्याचं टोक माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघितलं. पोचलं, पण ताणून. मग शर्मिलाचं बघितलं. ती माझ्याहून उंच होती, तिचं सहज पोचलं.

मला पहिली हवी होती. किती हवी होती, ते आज सांगायला लाज वाटत नाही. रात्री जेवताना माझा गाल तिथेच टेकलेला होता.

"मग पहिलीच ना, आबा?" मी विचारलं.

"थांब. तिचा उंचवटा उजव्या खांद्याचा हाय. पाचांपैकी एकाचा जरी डोळा डावा निघाला, तर ती त्याच्या कामाची न्हाई. मग सरळ दस्त्याचीच घ्यावी लागंल. ती कुठल्याबी खांद्याला चालती."

डोळ्याचं प्रकरण आबा नेहमी समजावून सांगायचे. माणूस जसा डाव्या किंवा उजव्या हाताचा असतो, तसा त्याचा एक डोळा मालक असतो आणि दुसरा नोकर. बंदूक हाताकडं बघून खांद्याला लावायची नाही, मालक डोळ्याकडं बघून लावायची. उलटं केलं तर नोकर डोळ्याला जन्मभर ओरडत बसावं लागतं. क्लबातल्या तिघा मुलग्यांचे डोळे आणि माझा आधीच तपासलेले होते, चौघांचेही उजवे. शर्मिला दोन महिन्यांपूर्वीच आलेली. तिचा राहिला होता.

ती छर्‍याची बंदूक उजव्या खांद्यावर घ्यायची आणि तिचे नेम कोड्यासारखे पडायचे. सलग तीन दहाच्या ठिपक्यात आणि चौथा एकदम डावीकडं भरकटलेला. "हिच्या डोळ्यात कायतरी हाय," आबा म्हणायचे. "हात तर दगडागत स्थिर."

डोळा तपासायची आबांची पद्धतही त्यांचीच. तो मोठ्या माणसानं तपासायचा नाही, पोरानं पोराचा तपासायचा. "मोठ्या माणसापुढं पोरं बरोबर उत्तर शोधत्यात," ते सांगायचे. "आपसात खरं बोलत्यात." म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि स्वतः टार्गेटं लावायला बांधाकडं गेले.

शेडमध्ये आम्ही दोघीच. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, शर्मिला समोर दहा पावलांवर. तिनं दोन्ही हात लांब केले, पंजे एकमेकांवर चढवून मध्ये छोटी फट ठेवली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून माझ्या नाकाकडं बघितलं. असं बघताना मालक डोळा फटीमागे येतोच, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्यानं फक्त कुठला डोळा दिसतो ते लिहायचं.

फटीत तिचा डावा डोळा होता. मोठा, तपकिरी, सरळ माझ्याकडं बघणारा.

"परत," मी म्हणाले. परतही डावा. तिसऱ्यांदाही डावा.

"कुठला गं?" तिनं विचारलं.

"डावा."

तिचे हात खाली आले. "खरंच?"

"तिन्ही वेळा."

ती जवळ आली. बांधाकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "हेमा, उजवा लिही की."

"का?"

"आत्याला कळलं तर माझं येणंच बंद करंल. लहानपणी मी डाव्या हातानं खायची, तर हात पाठीशी बांधायची माझा. सासरी डाव्या हातानं वाढणार का म्हणायची. आता कुठं मोडलंय ते. परत डावा खांदा, डावा डोळा असं काय कळलं तर झालंच मग. उजवा लिही. मी करते सवय."

मी वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढं 'उ' काढला. बघू म्हणाले नाही. आबांना विचारू म्हणाले नाही. तिचं बोलून संपलं आणि माझं लिहून झालं, दोन्ही एकदमच.

आबा परत आले, वहीत बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उजवा? तिन्ही टायमाला?"

"तिन्ही वेळा," मी म्हणाले.

शर्मिला तोवर चपला घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

त्याच आठवड्यात तिचे वडील आमची मापं घ्यायला आले. तोडकरकाकांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. नेमबाजीची जाकिटं विकत आणणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून ते तंबूच्या जाड कापडाची शिवून देणार होते, कोपरांना आणि बंदुकीच्या खांद्याला गादी घालून. काका अबोल माणूस. त्यांनी माझ्या पाठीवर फूटपट्टी धरली, डाव्या हातातल्या खडूनं उजव्या खांद्यावर चौकोन आखला आणि म्हणाले, "इथं गादी. बरोबर का, पोरी?"

"बरोबर, काका."

शर्मिलाचं माप ते घरीच घेणार होते.

रायफली परत द्यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आबा पोस्टात गेले होते. बोल्ट त्यांच्या कपाटात, त्यामुळे नुसत्या नेम धरायच्या सरावाला आम्हाला परवानगी होती. मी पहिलीवर पडले होते. शेजारी शर्मिला सरळ दस्त्याच्या रायफलीवर. बराच वेळ तिच्याकडून काहीच हालचाल नाही म्हणून मी मान वळवली, तर तिनं रायफल डाव्या खांद्याला लावली होती.

कुणी न सांगता तिचे पाय फिरले होते, कोपर बरोबर खाली आलं होतं. एरवी ती नेम धरताना तोंड वेडंवाकडं करायची. आता चेहरा झोपलेल्या माणसासारखा निवांत होता. नळीचं टोक हलत नव्हतं. मी मनात तीस आकडे मोजले. नाही हललं.

"हेमा," ती पुढंच बघत म्हणाली, "अगं, सगळं गोल दिसतंय. एकात एक."

एकात एक गोल म्हणजे मागचं भोक, पुढचं कडं आणि टार्गेटचा काळा ठिपका. ते तसं दिसावं म्हणून आम्ही महिनोन् महिने घासत होतो. मला ते रोज दिसायचं. तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"ठेव ती," मी म्हणाले. "आबा यायला लागलेत."

तिनं घाईघाईनं रायफल खाली ठेवली आणि उठून बसली. कच्च्या रस्त्यावर कुणी नव्हतं. आबा त्यानंतर तासाभरानं आले.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुला कुठली?"

"पहिली."

"आणि शर्मिलाला? तू शेजारी असतीस तिच्या. काय वाटतं तुला?"

"तिलापण पहिलीच," मी म्हणाले. "दुसरी जड जाते तिला."

आबांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. घेतली असती तर मला राग आला असता. सरळ दस्त्याची रायफल दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून एसटीनं परत गेली आणि आठवड्याभरात कोकणातल्या कुठल्याशा क्लबाला दिली गेल्याचं कळलं.

त्यानंतर सहा आठवडे मी शर्मिलाला बघत होते. उजव्या खांद्यावर ती आखूड रायफल लावायची आणि मान दस्त्यावरून पलीकडं वाकवायची, कारण तिचा डावा डोळा भोक शोधत यायचा. उंचवटा तिला आडवा यायचा. आबा म्हणायचे, "मान सरळ." ती मान सरळ करायची आणि नेम जायचा. मग आबांनी एका जुन्या चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमला डाव्या बाजूनं जाड कागद चिकटवून ती तिला घालायला दिली, म्हणजे तो डोळा मध्ये येऊ नये. जो मालक होता त्यालाच झाकलं. पंधरा मिनिटांत तिचं डोकं दुखायला लागायचं. ती शेडमागे जाऊन तोंडावर पाणी मारून यायची आणि परत आडवी पडायची.

"राहू दे आज," मी एकदा म्हणाले.

"सवय होईल," ती म्हणाली. "आबा म्हणतात ना, अंग शिकतं."

मी तिला सांगू शकले असते. आबांना सांगू शकले असते. रोज रेंजवर जाताना ठरवायचे आणि रोज आखूड दस्त्यावर गाल टेकला की विसरायचे. विसरायचे म्हणजे काय, आठवायचे नाही.

निवड चाचणी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी झाली. चाळीस गोळ्या. माझे तीनशे एकाहत्तर गुण झाले. शर्मिलानं पहिल्या वीस नेटानं मारल्या. तिसाव्या गोळीनंतर तिनं बोल्ट उघडला, रायफल जाजमावर ठेवली, कागद लावलेली फ्रेम काढून दोन्ही डोळे मनगटानं पुसले. उरलेल्या दहा तिनं मारल्याच नाहीत.

"पोरी, पुरं तर कर," आबा म्हणाले.

"दिसंना झालंय, आबा," ती म्हणाली. "ठिपका दोन व्हायला लागलाय."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

दहा-बारा दिवसांनी तोडकरकाका आमच्या घरी आले. हातात घडी घातलेलं जाकीट होतं. आईनं चहा ठेवला. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"शर्मी काय येत न्हाई आता," ते म्हणाले. "डोकं दुखतंय म्हणती. जाकीट पडून राह्यलंय, दुसऱ्या कुणाला तरी व्हईल म्हणून आणलं."

आबांनी जाकीट माझ्याकडं दिलं. मी ते उलगडलं. उजव्या खांद्यावर गादी होती, पण तिची शिलाई वाकडी, कुणीतरी घाईत हातानं घातलेली. काकांचा टाका तसा नसायचा. आणि डाव्या खांद्यावर चौकोनभर सुईची भोकं होती. तिथं एकदा काहीतरी मशीनवर पक्कं शिवून नंतर उसवलेलं.

आबांनाही ते दिसलं. "हे काय हो, तोडकर?"

"आता काय सांगू, हवालदार." काका ओशाळून हसले. "मी गादी डावीकडं घातली हुती. बाप हाय, पोरीचा हात मला ठावं न्हाई व्हय? मी सोता डावखुरा. आक्कानं, शर्मीच्या आत्यानं, माझ्या हाताला लहानपणी चटके दिले, तरी कातर डाव्या हातातच गेली. शर्मीच्या टायमाला गप बसलो, ते चुकलंच माझं. म्हणून या बारीला आक्काला सांगून टाकलं, बंदुकीत कुणी मधी पडायचं न्हाई. ती बी काय बोलली न्हाई. अन् जाकीट डावं शिवलं."

"मग?"

"मग शर्मीनंच उसवलं. म्हणाली, अण्णा, आता न्हाई बदलायचं. वहीत उजवा लिवलाय. हेमानं तपासलाय, तिन्ही येळा उजवाच आलाय. म्हटलं, तुमच्या लेकीनं तपासलंय म्हंजे बरोबरच असंल. मला त्यातलं काय कळतंय."

चहा आला. काका तो बशीत ओतून प्यायले आणि गेले. आबांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, आत आले, कपाटातून वही काढली आणि ते पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"फटीत कुठला डोळा दिसला हुता?"

"डावा."

"किती टायमाला?"

"तिन्ही."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं. त्यांनी वही मिटली.

"तिनंच सांगितलं होतं, आबा," मी म्हणाले. "आत्या येणं बंद करेल म्हणून. तिनं हात जोडले माझ्यापुढं." हात जोडल्याचं मी त्या क्षणी वाढवून सांगितलं.

"अन् तुला कुठली रायफल पायजे हुती?"

मी जाकिटाची घडी घालायला लागले.

"स्पर्धेला जा," आबा म्हणाले. "नाव गेलंय तुझं. पण आधी तोडकरांकडं जाऊन ये. काय खरं हाय ते सांगून ये. सगळं."

माझं नाव त्यांनी काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बाजारपेठेतल्या दुकानाकडं जाताना मी वाक्यं जुळवत होते. तू म्हणालीस म्हणून मी उजवा लिहिला, इथवर सोपं होतं. पुढचं जड होतं. तुझ्या अण्णांच्या डाव्या हातातला खडू मी पाहिला होता. त्या घरात डाव्या हाताचा एक माणूस सुखानं जगतोय, हे मला तेव्हाच कळलं होतं. आत्याची भीती हा नुसता बाऊ होता, आणि तसं सांगायला माझ्याकडं रायफल परत जायच्या आधीचे चार दिवस होते. तू डाव्या खांद्यावर रायफल घेतलीस तेव्हा मी तीस आकडे मोजले होते. आणि रस्त्यावर आबा नव्हते.

दुकानात शर्मिला कापडाच्या टेबलापाशी उभी होती. पलीकडं तिची आत्या काजं करत बसलेली. काका मशीनवर होते. शर्मिला कातरीनं अस्तर कापत होती, खडूच्या रेघेवरून न थांबता, डाव्या हातानं. आत्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि परत काजात सुई घातली.

मला बघून शर्मिला बाहेर पायरीवर आली. कातर तिच्या हातातच होती.

"आबांना कळलं," मी म्हणाले.

"अण्णांनी सांगितलं मला." ती पायरीवर बसली. "ओरडले का गं तुला?"

"नाही."

"माझ्यामुळं उगीच तुला ऐकून घ्यावं लागलं असणार. मीच म्हणाले होते ना लिही म्हणून. तू तर डावाच सांगितला होतास आधी." तिनं कातर मांडीवर ठेवली. "तुझा काय दोष त्यात? मैत्रीण म्हणून ऐकलंस माझं."

मी तिच्या शेजारी बसले. सगळी वाक्यं तोंडात होती, जुळवलेली, एकामागे एक.

"ती सरळवाली कुठंय आता?" तिनं विचारलं.

"कोकणात गेली."

"हं." तिनं डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली. "तिच्यात सगळं गोल दिसत होतं. एकदाच दिसलं, पण दिसलं." मग माझ्याकडं बघून ती हसली. "जाऊ दे. तुला तरी अंगासारखी मिळाली. चांगली मार पुण्यात."

आतून आत्यानं तिला हाक मारली. ती उठली, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मनात नको ठेवूस हां काही. तू माझ्यासाठीच केलंस."

मी मान हलवली. हो म्हणून.